पेटीवरची फिर्याद

पेटीविषयी अजिबात मत नाही असा मराठी माणूस मला अजून भेटलेला नाही. ज्याला यमन आणि भूप यांतला फरक सांगता येत नाही, तोही पेटी कशी 'बोलते' किंवा कशी 'भोंगा वाजल्यासारखी' वाजते हे ठासून सांगतो. सतार, सरोद, रुद्रवीणा यांच्याबद्दल असे होत नाही. ती वाद्ये पाहुण्यासारखी. आदराने, थोडे अंतर ठेवून बघायची. पेटी घरातली. शाळेच्या प्रार्थनेत ती होती, कीर्तनात होती, नाटकात होती, आणि मुलगी पाहायला माणसे आली की 'एखादं पद म्हणून दाखव' म्हटल्यावर कोपऱ्यातून ओढली जायची तीही पेटीच. म्हणून तिच्यावरचे भांडणही घरातल्या भांडणासारखे असते. मुद्दा एक असतो आणि बोलले भलतेच जाते.

असेच एक भांडण आमच्याकडे झाले. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातले आम्ही काही जण दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी जमून गाणे ऐकत असू. मंडळाला नाव नव्हते, पावतीपुस्तक नव्हते. प्रत्येकाने एकेक ध्वनिमुद्रण आणायचे, ऐकायचे, बोलायचे आणि शेवटची गाडी चुकायच्या आत उठायचे. सुमारे दहा वर्षांपूर्वीच्या एका शनिवारी एकाच गायकाची एकाच रागातली दोन ध्वनिमुद्रणे ओळीने लागली. एक साठच्या दशकातले, रेडिओवरचे, सारंगीच्या साथीचे. दुसरे नंतरच्या खासगी बैठकीतले, पेटीच्या साथीचे. ऐकून झाल्यावर मी म्हणालो, "पेटी लागली की गाणं संपतं. ज्यांना हे ऐकू येत नाही त्यांनी सरळ भजनाला बसावं."

समोर जे गृहस्थ बसले होते ते अंबरनाथच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले, मूळचे कोकणातले, आणि चाळीस वर्षे भजनात पेटी वाजवणारे. ते काही बोलले नाहीत. चहा घेतला, चपला घातल्या. पुढच्या महिन्यात आले नाहीत. त्यांच्याबरोबरचे दोघेही आले नाहीत. वर्षभरात मंडळ मोडले. माणसे सांगताना कामाची, गुडघ्यांची आणि गाड्यांच्या गर्दीची कारणे सांगत, पण कारण ते वाक्य होते, हे मला ठाऊक आहे.

त्यानंतर मी पेटीच्या वादाचा जमेल तसा शोध घेऊ लागलो. सुरुवातीचा हेतू फारसा उदात्त नव्हता. आपलेच म्हणणे बरोबर होते, याला पुरावा हवा होता. पुरावा भरपूर मिळाला, आणि इतक्या थोरामोठ्यांचा मिळाला की मीच बुचकळ्यात पडलो. कारण माझ्या एका वाक्यात तीन निरनिराळी विधाने होती: एक पेटीच्या सुराविषयी, एक गायकीविषयी आणि एक भजनाला बसणाऱ्या माणसांविषयी. पहिले सिद्ध करता येते. दुसऱ्यावर वाद घालता येतो. तिसरे निव्वळ उद्धटपणा होते. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत पेटीविरुद्ध जी जी फिर्याद झाली, तिच्यात ही तीन विधाने अशीच एकमेकांत मिसळलेली सापडतात.

पहिल्यांदा जे सिद्ध होते ते पाहू, कारण पेटीच्या बाजूचे लोक नेमके तेच टाळतात.

हार्मोनियम हे फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला घडलेले वाद्य. आपल्याकडे ते मिशनरी आणि साहेबांच्या दिवाणखान्यांतून आले. पायाने भाता मारायची उभी पेटी मांडीएवढी करून हाताने भाता मारण्याजोगी बनवण्याचे श्रेय साधारणपणे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांच्या 'द्वारकिन' या पेढीला देतात. वाद्य लहान झाले, जमिनीवर आले, स्वस्त झाले. पण त्याच्या पोटातली स्वरांची व्यवस्था युरोपातलीच राहिली. ती व्यवस्था अशी, की सप्तकाचे बारा अगदी समान तुकडे करायचे. त्यामुळे कोणत्याही पट्टीला षड्ज मानले तरी गाणे सारखेच निघते. सोय मोठी आहे. पण तिची किंमत गांधाराला मोजावी लागते.

मोजमापासाठी अर्ध्या स्वराचे शंभर भाग करतात आणि एका भागाला सेंट म्हणतात. षड्जापासून शुद्ध गांधार तंबोऱ्यात ३८६ सेंटवर ऐकू येतो. पेटीचा गांधार ४०० वर. म्हणजे चौदा सेंट चढा. पंचमात हा फरक जेमतेम दोन सेंटचा, तो कोणालाही बोचत नाही. शुद्ध धैवत सोळा सेंट चढा, कोमल गांधार तितकाच उतरलेला. आकडे नको असतील त्यांनी एक प्रयोग करून पाहावा. पुरुषाची काळी एक धरली तर षड्जाची कंपने सेकंदाला १३८.६. तंबोऱ्याच्या जोडाच्या तारेतून जवारीमुळे याच्या पाचपट, म्हणजे ६९३ कंपनांचा सूर आपोआप उमटत असतो. हाच तो गायक डोळे मिटून ऐकतात तो स्वयंभू गांधार. पेटीवर त्या जागचा सूर साधारण ६९८.५ चा. दोन्ही एकत्र वाजले की फरकाइतके, म्हणजे सेकंदाला साडेपाच हेलकावे कानात पडतात. तंबोरा नीट लागलेला असेल तर ही थरथर स्पष्ट ऐकू येते; तंबोरा बेसूर असेल तर काहीच कळत नाही. (आपल्या पुष्कळ सभागृहांत पेटीला दोष का दिला जात नाही, याचे हेही एक कारण असावे.)

दुसरा दोष सांगायला आकडे लागत नाहीत. पेटीचे सूर सुटे आहेत. पट्टी दाबली की सूर, सोडली की शांतता. दोन सुरांमधल्या वाटेवरून चालत जाणे, म्हणजे मींड, तिच्या यंत्रातच नाही. दरबारीचा आंदोलित गांधार पेटीवर वाजत नाही. त्याच्या आजूबाजूचे काही वाजते.

ही फिर्याद खरी आहे. माझ्या वाक्यातला पहिला भाग या आधारावर उभा होता. पण याच फिर्यादीचे पुढे काय करायचे, यावरून माणसामाणसांत किती फरक पडतो ते पाहण्यासारखे आहे.

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. बावीस श्रुतींचा प्रश्न त्यांनी ग्रंथांतून बाहेर काढून तारेवर मोजायला घेतला. मोजायला गाणारा गळा हवा, तो अब्दुल करीम खाँ यांचा मिळाला. १९१० मध्ये देवलांचे हिंदू स्वरसप्तक आणि बावीस श्रुती यांवरचे इंग्रजी पुस्तक पुण्यात निघाले. याच वाटेने ई. क्लेमंट्स हे आय. सी. एस. अधिकारी निघाले; त्यांचे पुस्तक १९१३ चे. दोघांनाही पेटीचा दोष स्वच्छ ऐकू येत होता. मग त्यांनी काय केले? 'वाद्य मोडून टाका' म्हणाले नाहीत. वाद्य बदलायला घेतले. श्रुतींप्रमाणे सूर लावलेली नवी पेटी त्यांनी विलायतेत बनवून घेतली. एक सांगलीकर पेन्शनर आणि एक साहेब मिळून गांधार खाली उतरवायच्या मागे लागले आहेत, हे चित्र मला फार आवडते.

१९१६ च्या मार्चमध्ये बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तिथे श्रुतींचा आणि या पेटीचा प्रश्न आला. विष्णु नारायण भातखंडे यांना ही मोजणीच मान्य नव्हती. आजचा गवई काय गातो ते बारा स्वरांच्या चौकटीत नीट मांडता येते, बावीस श्रुती हा जुन्या ग्रंथांचा विषय आहे, अशी त्यांची दिशा. श्रुतींची पेटी मागे पडली. भातखंडे आणि देवल यांच्यात कोण बरोबर हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे आणि माझा कौल अजून पक्का होत नाही. मला महत्त्वाचे वाटते ते त्या वादाचे स्वरूप. वाद मोजमापाचा होता, पुराव्याचा होता, गायकाला समोर बसवून करता येणारा होता. दोन्ही पक्ष एकमेकांना फार गोड बोलत होते असे नाही. पण पेटी आवडणारा माणूस कमअस्सल, असे म्हणण्याची गरज यांपैकी कोणाला पडली नाही.

आता दुसरी तऱ्हा.

आनंद कुमारस्वामी यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच ग्रामोफोन आणि पेटी यांना एकाच पंगतीत बसवले होते: दोन्ही यंत्रे, दोन्ही परकी, दोन्ही कान बिघडवणारी. जवाहरलाल नेहरूंनी आत्मचरित्रात तर स्वराज्याच्या सरकारने अगदी सुरुवातीलाच जी कामे करावीत त्यांत या वाद्यावरची बंदी असावी, अशा आशयाची आशा व्यक्त केली आहे. विनोदाचा सूर आहे, मान्य. पण तुरुंगात बसलेल्या माणसाला स्वराज्यात पहिल्यांदा कशावर बंदी घालायची हे सुचावे आणि ती पेटी असावी, यावर थोडा वेळ थांबायला हवे. तिकडे ऑल इंडिया रेडिओच्या दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख होते जॉन फाउल्ड्स, स्वतः इंग्रज संगीतकार. १९३८ मध्ये रेडिओच्या नियतकालिकात त्यांनी पेटीविरुद्ध लेख लिहिला. शीर्षकात हार्मोनियम या शब्दाची फोड करून 'सर्वांना अपाय' असा श्लेष साधला होता. लेखातले सुरांबद्दलचे मुद्दे वर सांगितले तेच आहेत, आणि बरोबर आहेत. पण शीर्षक आधीच निकाल देऊन मोकळे झाले होते. युरोपातून आलेल्या वाद्यापासून हिंदी संगीताला वाचवायला युरोपातूनच माणूस यावा, ही गंमत त्या काळी कोणाला जाणवली की नाही कोण जाणे.

रवींद्रनाथांचे प्रकरण सर्वांत अवघड. जोडासाँकोच्या घरात थोरले बंधू ज्योतिरिंद्रनाथ पियानोवर सूर छेडत आणि रवींद्रनाथ त्यांवर शब्द बसवीत. सुट्या पट्ट्यांच्या वाद्याशी त्यांचे वैर जन्मजात नव्हते. पुढे त्यांना पेटी नकोशी झाली आणि शांतिनिकेतनातून त्यांनी ती काढून टाकली. यात मला खटकण्यासारखे काही दिसत नाही. आपल्या आश्रमात कोणते वाद्य वाजावे हे ठरवायचा त्यांना पूर्ण अधिकार होता. शिवाय गाणारी मुले पेटीवर रेलली की गळा आळशी होतो, हा अनुभव कोणत्याही गानशिक्षकाचा आहे. पण जानेवारी १९४० मध्ये त्यांनी कलकत्ता रेडिओ केंद्राच्या संचालकांना पत्र लिहिले: आश्रमातून पेटी घालवली आहे, रेडिओनेही घालवली तर हिंदी संगीताची मोठी सेवा होईल, अशा अर्थाचे. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओच्या सर्व केंद्रांवर पेटी बंद झाली. एकट्या त्या पत्रामुळे नव्हे; नियंत्रक लायोनेल फील्डन यांच्या कारकिर्दीत त्या दिशेने आधीच पावले पडली होती. तरी 'माझ्या घरात नको' आणि 'देशात कोणाच्याच रेडिओत नको' यांत जे अंतर आहे ते त्या एका पत्रात ओलांडले गेले, आणि ज्याची संवेदना सर्वांत सूक्ष्म त्यानेच ते ओलांडले. कान तयार असला म्हणजे माणूस सहिष्णू होतो, अशी आपली एक समजूत असते. मला तर उलटाच अनुभव आहे. तयार कानाला त्रास जास्त होतो आणि त्रास झालेला माणूस हुकूम काढायला लवकर तयार होतो.

ही बंदी एकतीस वर्षे टिकली. साहेब गेला, फील्डन गेले, स्वराज्य आले. १९५२ पासून दहा वर्षे नभोवाणी खाते सांभाळणारे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे आपले पुण्याकडचे मंत्री. त्यांनी पेटी तर आणली नाहीच, वर चित्रपटगीतांनाही रेडिओवरून जवळजवळ घालवले. श्रोते रेडिओ सिलोनकडे गेले आणि १९५७ मध्ये विविध भारती सुरू करून त्यांना परत बोलवावे लागले. चित्रपटगीतांच्या श्रोत्यांची संख्या मोठी होती म्हणून पाच वर्षांत न्याय मिळाला. पेटीवाल्यांची संख्या ती किती!

त्या एकतीस वर्षांत महाराष्ट्रात, गोव्यात, बेळगावात पेटी काय करत होती? वाजत होती. 'मानापमान'च्या चाली देणारे, भास्करबुवा बखल्यांची साथ करणारे गोविंदराव टेंबे १९५५ मध्ये गेले तेव्हा बंदी चालूच होती. ज्याने या वाद्याला मराठी बैठकीत प्रतिष्ठा दिली त्याच्या हयातीत ती उठली नाही. पी. मधुकर पेटीचे स्वतंत्र वादन करत होते. त्यांच्या हाताखाली गोव्याच्या बोरीचे तुळशीदास बोरकर तयार होत होते; त्यांचा जन्म १९३४ चा, म्हणजे सहाव्या वर्षापासून छत्तिशीच्या आसपासपर्यंतचा सगळा घडण्याचा काळ बंदीतला. गोविंदराव पटवर्धन, आप्पा जळगावकर, पुरुषोत्तम वालावलकर, बेळगावचे रामभाऊ विजापुरे ही सगळी नावे घेताना आपण मैफली आठवतो. पण याच मैफलींतला गायक दुसऱ्या दिवशी रेडिओवर गायला गेला की शेजारची जागा सारंगी किंवा व्हायोलिनची. श्रोता तोच, गायक तोच, राग तोच. साथीदार मात्र दरवाज्याबाहेर. पु. ल. देशपांडे १९५५ पासून आकाशवाणीत नोकरीला होते आणि स्वतः पेटी उत्तम वाजवत. ज्या इमारतीत आपण काम करतो तिच्या स्टुडिओत आपले वाद्य चालत नाही, यावर त्यांना किती विनोद सुचले असतील!

सारंगी वाचावी असे बंदीच्या बाजूचे लोक म्हणत. ती तीन दशके सारंगीच्या भरभराटीची गेली असे कोणी म्हणत नाही. सारंगी मागे पडली त्याची कारणे सुरांत नव्हती. ती वाजवणारी घराणी कोठ्यांशी जोडलेली मानली गेली आणि मध्यमवर्गाने गाणे घरात आणताना सारंगिये बाहेर ठेवले. पेटीची बाजू इथे कोणी मांडत नाही म्हणून मी मांडतो. घरातल्या मुलीला, परक्या साथीदाराची वाट न पाहता, आईच्या देखत, स्वयंपाकघराच्या दाराशी बसून गाता आले ते पेटीमुळे. तिचा गांधार चौदा सेंट चढा होता, हे खरेच. पण ती पेटी नसती तर त्या घरात कसलाच गांधार लागला नसता. आता या दोन गोष्टींची तुलना कशी करायची? माझ्याकडे त्याचे माप नाही. म्हणूनच फक्त पहिली गोष्ट सांगून दुसरी दडवणारा टीकाकार मला अर्धवट वाटतो.

१९७० मध्ये आकाशवाणीने पेटीवर परिसंवाद घेतला आणि १९७१ पासून ती टप्प्याटप्प्याने परत आली. आधी वरच्या श्रेणीच्या कलाकारांच्या साथीपुरती. स्वतंत्र वादनाला आणखी बराच काळ थांबावे लागले.

पेटीच्या बाजूने बोलणाऱ्यांचेही सगळे छान नाही. माझ्याजवळच्या कात्रणांत आणि भाषणांच्या टिपणांत त्यांचे दोन आवडते युक्तिवाद पुन्हा पुन्हा येतात. एक: 'अमुक बुवा पेटीतून मींड काढायचे.' नाही काढायचे. उत्तम वादक भात्याचा दाब कमीजास्त करतो, मधल्या सुराचा कण इतका झटकन लावतो की ऐकणारा मधली वाट स्वतःच्या मनात पुरी करतो. ही कला मोठी आहे, कदाचित मींडेपेक्षा अवघड आहे. पण ती मींड आहे असे म्हटल्याने तिचा गौरव होत नाही. तिने जे साधले ते झाकले जाते. दुसरा युक्तिवाद: 'पुलं वाजवायचे, मग वाईट कशी?' हा युक्तिवादच नव्हे. रवींद्रनाथांना नको होती म्हणून वाईट, याचीच ती उलटी बाजू. आवडत्या माणसाच्या आड उभे राहून बोलले की समोरच्याला वाद्याबद्दल काही बोलताच येत नाही. बोलला तर तो त्या माणसाचा अपमान ठरतो. मराठी चर्चेची ही जुनी खोड आहे आणि ती फक्त संगीतात नाही.

आता आमच्या भागाकडे येतो, कारण माझ्या वाक्यातला तिसरा भाग इथला होता.

विठ्ठलवाडी स्टेशनच्या दोन्ही अंगांना संध्याकाळी फिरले तर पेटी निदान तीन तऱ्हांनी ऐकू येते. फाळणीनंतर कल्याण कॅम्पात आलेल्या सिंधी कुटुंबांनी उल्हासनगर वसवले. त्यांच्या दरबारांत सत्संगाला ढोलकीबरोबर पेटी असते आणि ती प्रामुख्याने शब्द पुढे ढकलायचे काम करते. वारकरी मंडळींच्या हरिपाठाला मूळ साज वीणा, टाळ, पखवाज. तिथे पेटी आली आहे, पण जुन्या जाणत्यांना ती पटतेच असे नाही. चालीतला भजनी ठेका पेटीमुळे 'गाण्याकडे' झुकतो, ही त्यांची तक्रार मी स्वतः ऐकली आहे. आणि तिसरी कोकणी मंडळींची डबलबारी. दोन बुवा समोरासमोर, प्रत्येकाच्या पुढ्यात पेटी, शेजारी पखवाज, मागे झांजेवाले आणि कोरस. बुवा स्वतः वाजवतो आणि स्वतः गातो. रूपाचा अभंग, गजर, गौळण असा क्रम लागतो आणि मध्ये एकमेकांना शाब्दिक चिमटे. रात्र सरते, पण सामना संपत नाही. इथे पेटी साथीला नसते, ती बुवाचे हत्यार असते. खड्या आवाजाला, उघड्या मैदानाला आणि झांजांच्या कल्लोळाला पुरून उरेल असा सूर हवा असतो. तिथे चौदा सेंटांची थरथर शोधणारा माणूस चुकीच्या ठिकाणी आला आहे.

म्हणजे पेटी एक नाहीच. 'पेटी चांगली की वाईट' हा प्रश्न या तीन ठिकाणी तीन वेगळ्या गोष्टी विचारतो, आणि हरिपाठातल्या जाणत्याचा नकार हा रवींद्रनाथांच्या नकाराहून वेगळा आहे. दोघे पेटीला 'नको' म्हणतात एवढ्यावरून त्यांना एका बाजूला बसवणे चूक. शिखांमध्येही हा प्रश्न नुकताच उभा राहिला. २०२२ मध्ये अकाल तख्ताच्या जथेदारांनी सुवर्णमंदिरातल्या कीर्तनातून पेटी तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने कमी करून रबाब, सारंदा यांसारखी तंतुवाद्ये परत आणावीत असे सुचवले. बातमी वाचून आमच्या ओळखीतल्या काही उत्साही मंडळींना वाटले, चला, आपली बाजू जिंकली. त्यांची बाजू तिथे नव्हतीच. गुरूंच्या काळातल्या वाद्यपरंपरेकडे परत जाणे हा त्या सूचनेचा आशय. त्याचा आमच्या शनिवारच्या शेरेबाजीशी काय संबंध?

गेल्या वर्षी कार्तिकी एकादशीनंतर मी त्या गृहस्थांच्या घरी गेलो. फोन न करता गेलो, कारण फोनवर 'या' म्हणतील की नाही याची खात्री नव्हती. दार त्यांनीच उघडले. "या, बसा," म्हणाले. माफीचे वाक्य मी गाडीत जुळवले होते. ते निम्मे बोलून झाल्यावर त्यांनी हाताने थांबवले आणि देवल-क्लेमंट्सची हकीकत मात्र सगळी ऐकून घेतली. मध्ये एकदाच विचारले, "सांगलीचे का ते?" मग उठून पलंगाखालून पेटी ओढली, झाकण काढले, भात्यावरची जाळी दूर केली आणि बॅटरीचा प्रकाश आत टाकला. पितळेच्या सुरांच्या रांगेत काही सुरांची मुळे घासल्यासारखी चकाकत होती.

"हा गांधार. हा धैवत," त्यांनी बोट ठेवून दाखवले. "सूर मुळाशी खरवडला की उतरतो, टोकाशी खरवडला की चढतो. एक गायक मंडळी यायची आमच्याकडे, काळी एकची. तंबोऱ्याबरोबर गांधार भांडायचा. मग मी उतरवून घेतला. चौऱ्याऐंशी की पंच्याऐंशी साल असेल."

मी विचारले, त्या शनिवारी हे का बोलला नाहीत?

"तुम्ही विचारलं कुठं? तुम्ही सांगितलंत." मग भाता दोनदा हलवून त्यांनी षड्ज दाबला, त्याच्यावर गांधार ठेवला. दोन्ही सूर एकमेकांत मिसळून स्थिर राहिले, थरथर नव्हती. तेवढ्यात त्यांनी बोटे एक पट्टी वर सरकवून पांढरी दोनमधून तोच गांधार वाजवला, आणि तो इतका बेसूर लागला की आतल्या खोलीतून त्यांच्या सूनबाई बाहेर डोकावल्या.

"ही पेटी आता काळी एकचीच," ते म्हणाले. "भजनाला दुसरी नेतो."